चौदा अर्ज, एक मुलाखत आणि मधली दोन वर्षं

महाराष्ट्रात बीडीएस झालेल्या एका दंतवैद्याने अमेरिकेत डेंटल स्कूलला दोनदा अर्ज केले, त्याची ही हकिगत. तिच्या परवानगीने लिहितेय. गाव, कॉलेज, शाळा ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. पहिल्या वेळी मी तिला ओळखतही नव्हते. दुसऱ्या वेळी तिचा अर्ज माझ्या डोळ्यांखालून गेला, आणि मी दिलेला एक सल्ला साफ चुकला. तोही पुढे येईल.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजातून ती २०१४ मध्ये बीडीएस झाली, २०१५ मध्ये इंटर्नशिप संपली. सरासरी गुण ६३ टक्के. दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजीत नापास झाली होती, पुढच्याच परीक्षेत सुटली. मग तीन वर्षं तालुक्याच्या गावी एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या दवाखान्यात काम केलं. दाढ काढणं, आरसीटी म्हणजे रूट कॅनाल, कॅप, कवळ्या, सगळं. बाजाराच्या दिवशी तीस-पस्तीस पेशंट व्हायचे. २०१८ मध्ये लग्न झालं आणि ती न्यू जर्सीत आली, नवऱ्याच्या व्हिसावर, एच-४ वर. पुढच्या वर्षी मुलगा झाला.

ज्यांना या वाटेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नुसत्या बीडीएसवर अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत प्रॅक्टिस करता येत नाही. तिथल्या दंतशिक्षण मान्यता आयोगाने, म्हणजे कोडाने, मान्य केलेल्या शाळेची डीडीएस किंवा डीएमडी पदवी लागते. परदेशी दंतवैद्याला ही पदवी अॅडव्हान्स्ड स्टँडिंगच्या, म्हणजे आधीचं शिक्षण धरून पुढच्या टप्प्यात प्रवेश देणाऱ्या अभ्यासक्रमातून साधारण दोन ते तीन वर्षांत मिळते. अर्ज बहुतेक ठिकाणी कॅपिड नावाच्या एकाच पोर्टलवरून होतात, आणि ते दर वर्षी मार्चच्या सुमारास उघडतं. त्याआधी बहुतेक शाळांसाठी आयएनबीडीई ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते: दोन दिवस, एकूण ५०० प्रश्न. ही परीक्षा २०२० मध्ये आली आणि जुन्या दोन भागांच्या परीक्षेची जागा तिने घेतली. पास झालेल्याला नुसतं ‘पास’ कळतं, गुण मिळत नाहीत.

तिने ती २०२१ मध्ये पास केली. मुलगा झोपल्यावर रात्री साडेनऊ ते एक असा दीड वर्ष अभ्यास केला होता. पास झाल्यावर तिला वाटलं, अवघड काम संपलं.

पहिली फेरी

२०२२ मध्ये तिने चौदा शाळांना अर्ज केले. एका ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं आलं, तिथे प्रतीक्षायादीत नाव लागलं आणि यादी तिच्यापर्यंत आलीच नाही. बाकी तेरा ठिकाणांहून एक-दोन ओळींचे नकार. कारण कुणीच कळवलं नाही.

डिसेंबरात एका ओळखीच्या बाईंनी तिला माझ्याकडे धाडलं. “ताई, माझं चुकलं काय एवढं सांगा,” ती म्हणाली. मी तिला अर्जाच्या सगळ्या पानांची प्रिंट काढून आणायला सांगितली. पडद्यावर आपलंच लिखाण वाचताना नजर घसरते, कागदावर ती थांबते.

अडचण कुठे होती

पहिली गोष्ट वेळेची. पोर्टल मार्चमध्ये उघडलं, पण गुणपत्रिकांचं मूल्यांकन, म्हणजे आपल्या गुणांचं तिकडच्या पद्धतीत रूपांतर, पूर्ण व्हायला जुलैअखेर उजाडली. मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला ट्रान्सक्रिप्ट थेट विद्यापीठाकडूनच हवं होतं. तिचा भाऊ दोनदा नाशिकला जाऊन आला. शिवाय पदवी माहेरच्या नावाने, तीही आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव अशी; पासपोर्ट सासरच्या नावाने, मधे नवऱ्याचं नाव. आपल्याकडे हे घरोघरी आहे. तिकडच्या कारकुनाला मात्र ही दोन वेगळी माणसं दिसली. लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, पुन्हा पत्रव्यवहार, यात सहा आठवडे गेले. कित्येक शाळा अर्ज येतील तसे वाचत जातात, मुलाखतीच्या जागाही तशाच भरत जातात. म्हणजे तिचा अर्ज पंगत उठायच्या वेळी पोचला.

दुसरी गोष्ट शिफारसपत्रांची. तीन पत्रं होती, तीन वेगळ्या माणसांच्या सहीची. तिला मागून वाचायला मिळाली होती म्हणून ती प्रिंटमध्ये होती. मी ती टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. तिन्हींत ‘मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर’ याच क्रमाने. तिन्हींत शेवटचं वाक्य जवळजवळ तेच. मी विचारलं, कुणी लिहिली? ती खाली बघत म्हणाली, “सर म्हणाले, ड्राफ्ट करून आण, मी सही करतो.”

ही आपल्याकडची रीतच आहे. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, सरांना वेळ नसतो आणि विद्यार्थ्याला नाही म्हणवत नाही. पण निवड समिती एका बैठकीत तीनही पत्रं वाचते. हात एकच आहे हे तिला कळतं. मग पत्रं तर वाया जातातच, पण अर्जातल्या उरलेल्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही उडतो. याहून मोठं नुकसान मला दुसरं दिसत नाही.

तिसरी गोष्ट निवेदनाची, म्हणजे स्वतःबद्दल लिहायच्या निबंधाची. आजोबांची कवळी, लहानपणापासूनचं स्वप्न, हसू फुलवण्याची इच्छा. तालुक्यातल्या तीन वर्षांना दोन ओळी. २०१८ ते २०२२ या चार वर्षांना एकही नाही. फार्माकॉलॉजीचा दुसरा प्रयत्न गुणपत्रिकेत स्वच्छ दिसत होता, निवेदनात त्याचा उल्लेख नव्हता.

शाळांची यादी तिने व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या एका तक्त्यावरून घेतली होती. चौदांपैकी पाच ठिकाणी तिच्यात न बसणारी एखादी अट होती, कुठे व्हिसाची, कुठे अलीकडच्या क्लिनिकल कामाची. पाच अर्जांचं शुल्क सरळ पाण्यात गेलं.

६३ टक्क्यांची मात्र तिला सगळ्यात जास्त धास्ती होती, आणि ती निराधार निघाली. मूल्यांकन करणारे भारतीय गुणपद्धती जाणून रूपांतर करतात, आपल्या ६३ टक्क्यांना तिकडचे ६३ धरत नाहीत. रूपांतरानंतरचा आकडा चांगला होता.

समोरचे पर्याय

पाच वाटा होत्या. मार्च २०२३ मध्ये लगेच पुन्हा अर्ज करायचा. एक वर्ष थांबून २०२४ मध्ये करायचा. सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स, म्हणजे एमपीएच करून मग करायचा. कॅनडाच्या समकक्षता परीक्षांकडे वळायचं. किंवा भारतात परतून स्वतःचा दवाखाना टाकायचा.

कॅनडाचा विचार एका संध्याकाळीच मिटला. त्या परीक्षांमधून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत परवाना मिळत नाही, आणि नवऱ्याची नोकरी न्यू जर्सीत होती. परतण्याचा पर्याय तिने खुला ठेवला. सासूबाईंचा त्याला पाठिंबा होता, हे मला फार बरं वाटलं.

एमपीएचवर खूप बोलणं झालं, कारण ग्रुपवरच्या निम्म्या मुली तेच करत होत्या. माझं मत ठाम आहे: ज्याला सार्वजनिक आरोग्यात काम करायचंय त्याने जरूर करावी. नुसती अर्जाला झळाळी यावी म्हणून दोन वर्षं आणि हजारो डॉलर घालू नयेत. तिचा अर्ज शिक्षणात कमी पडलेला नव्हता. २०१८ पासून तिच्या हातात हँडपीस, म्हणजे दात कापायचं यंत्र, आला नव्हता, अर्ज कमी पडला होता तिथे.

आयएनबीडीईला गुण नसल्याने अॅडॅट ही दुसरी, गुण देणारी परीक्षा द्यावी का, हाही प्रश्न आला. तिच्या यादीतल्या फार थोड्या शाळा ती बघत होत्या. सोडून दिली.

उरला खरा प्रश्न, २०२३ की २०२४? तिला २०२३ हवं होतं. वय बत्तिशीकडे चाललेलं, मुलगा शाळेत जायला लागलेला. पण तीन महिन्यांत शिफारसपत्रांशिवाय काहीच बदललं नसतं. वर्षभर थांबण्याची किंमतही होती: टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोन वर्षंच चालतात, तिचे जानेवारी २०२४ मध्ये संपणार होते. पुन्हा परीक्षा, पुन्हा फी. चार दिवस विचार करून तिने थांबायचं ठरवलं. या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय मी हाच मानते.

वर्षभरात काय केलं

कागदपत्रं आधी मार्गी लावली. नावांचा गोंधळ मिटलेलाच होता. मूल्यांकन अहवाल कुठे पाठवायचा ते ठरलं, आणि भारतातून दोन जास्तीची सीलबंद ट्रान्सक्रिप्ट मागवून ठेवली. टोफेल जानेवारीतच पुन्हा दिली.

मग क्लिनिक. एच-४ वर तिला पगारी काम करता येत नव्हतं, आणि परवान्याशिवाय पेशंटला हात लावायचा प्रश्नच नव्हता. ओळखीने एका वयस्कर अमेरिकन दंतवैद्याकडे आठवड्यातून दोन दिवस निरीक्षणाला बसायची सोय झाली. तिने एक वही ठेवली: तारीख, काय पाहिलं, आपण गावी असताना हे कसं करायचो, फरक काय. रबर डॅमशिवाय, म्हणजे दाताभोवती लावायच्या रबरी पडद्याशिवाय, ते आरसीटीला हात घालत नसत, हे तिने पहिल्याच पानावर लिहिलं होतं. पेशंटची नावं किंवा ओळख वहीत कुठेही नव्हती, हे मी मुद्दाम तपासलं.

दोन महिन्यांनी त्या डॉक्टरांनी आपणहून सुचवलं, रविवारी दवाखाना बंद असतो, टायपोडॉन्ट घेऊन ये. प्लास्टिकच्या दातांचा तो जबडा तिने विकत घेतला, आणि खरी शाळा इथे सुरू झाली.

काही शाळा मुलाखतीला बेंच टेस्ट घेतात: ठरावीक वेळेत टायपोडॉन्टवर क्राउनसाठी दात कापून दाखवायचा, किंवा फिलिंगसाठी कॅव्हिटी करायची. ती म्हणत होती, क्राउन कटिंग मी शेकड्यांनी केलंय. खरंच केलं होतं. पण आपल्याकडे सगळं एअरोटरवर, म्हणजे हवेवर चालणाऱ्या हँडपीसवर. त्यावर दाब वाढवला की बर, म्हणजे कापणारं फिरतं टोक, मंदावतो, हाताला तो इशारा कळतो आणि हात आपोआप सैल पडतो. इथे इलेक्ट्रिक हँडपीस होता. त्याचा वेग कमी, पण ताकद अशी की दाबलं तरी तो थांबत नाही, कापतच जातो. पहिल्या रविवारी तिने कापलेल्या दाढेला मार्जिनपाशी, म्हणजे कापलेल्या भागाच्या कडेला, खड्डा पडला होता आणि वर दोन मिलिमीटरच्या जागी तीन मिलिमीटर गेलं होतं. ती रडवेली झाली. त्या डॉक्टरांनी कापायच्या आधी घेतलेला सिलिकॉन पुट्टीचा ठसा मधोमध कापून दातावर बसवला, फटीत प्रोब, म्हणजे मापाची बारीक सळई, घातली आणि म्हणाले, रड नको, मोज.

तेव्हापासून ती मोजायला लागली. कापलेला प्रत्येक दात अंड्यांच्या खोक्यात, मुळाशी मार्करने तारीख, बाजूला चिठ्ठीवर वर किती कापलं, मार्जिन किती रुंद, वेळ किती लागला. वर्षाअखेरीस अशी सहा खोकी झाली होती. पहिल्या खोक्यातला दात आणि शेवटच्यातला दात तिने एकदा माझ्या खिडकीपाशी उजेडात धरून दाखवले. शेवटच्याची कड एकसारखी, सगळीकडून एका रुंदीची. मी काही बोलले नाही, तिनेच ते पुन्हा खोक्यात ठेवले.

आणखी एक गोष्ट तिथेच सापडली, आणि ती परीक्षेत सापडली नाही हे नशीब. आपण दातांना दोन आकड्यांच्या पद्धतीने ओळखतो: १४ म्हणजे वरच्या उजव्या बाजूची पहिली उपदाढ. अमेरिकेत १ ते ३२ असे सलग आकडे, आणि तिथला १४ म्हणजे वरच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. एका रविवारी डॉक्टर म्हणाले, आज १४ कर. तिने हँडपीस उचलला तो थेट उजव्या उपदाढेवर. हे फरक तिला पाठ होते, प्रश्नपत्रिकेत ती एकदाही चुकली नसती. हाताला मात्र दहा वर्षांची सवय होती. पुढचे दोन महिने तिने भाजीच्या यादीपासून सगळीकडे दातांचे आकडे अमेरिकन पद्धतीने म्हणायचा सराव केला.

शिफारसपत्रं दुसऱ्यांदा

या वेळी ठरलं, एकही ड्राफ्ट लिहायचा नाही, आणि पत्र वाचण्याचा हक्क पोर्टलवर सोडून द्यायचा. तालुक्याच्या गावचे सर म्हणाले, “अगं, माझं इंग्रजी साधं आहे, तूच लिही.” तिने नम्रपणे सांगितलं, “सर, साधंच चालेल, पण तुमचं हवं.” आठवण राहावी म्हणून एक पान पाठवलं: कोणत्या वर्षी काय काम केलं, किती दिवस, कुठल्या प्रकारचे पेशंट. विशेषण एकही नाही.

सरांनी काय लिहिलं ते तिला मुलाखतीतच कळलं. समोरच्या प्राध्यापकांनी एक परिच्छेद वाचून दाखवला. आरसीटी चालू असताना लाईट गेली, इन्व्हर्टरही बंद. बाहेर दहा पेशंट. ही मोबाईलच्या उजेडात काम रेटू शकली असती. तिने टेंपररी ड्रेसिंग घालून दात बंद केला, पेशंटला दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि बाहेरच्यांना स्वतः जाऊन सांगितलं. सरांनी पुढे लिहिलं होतं, मी असतो तर कदाचित रेटलं असतं.

ती घटना तिला आठवतही नव्हती. असं पत्र कुणालाही स्वतःसाठी लिहिता येणार नाही.

निवेदन, आणि माझी चूक

नवीन निवेदन तिने मिश्रीपासून सुरू केलं. भाजलेल्या तंबाखूची पूड बोटाने हिरड्यांना लावणाऱ्या बायका तिच्याकडे रोज यायच्या. त्यांच्या लेखी ते व्यसन नव्हतं, दात घासणं होतं. मग गुटख्याने तोंड आखडलेला एक पेशंट. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी टपरीवर मिळतो. त्याचं तोंड दोन बोटं उघडायचं, मापाचा ट्रे आत जात नव्हता. तिने ट्रे मधोमध कापून दोन भागांत माप घेतलं आणि बाहेर जोडलं. त्या एका परिच्छेदात हात, डोकं आणि पेशंटशी वागणं, तिन्ही आलं. आजोबांची कवळी तिने स्वतःच काढून टाकली. फार्माकॉलॉजीला दोन वाक्यं दिली: नापास झाले, का झाले. सबब नाही.

चार वर्षांच्या खंडाबद्दल मी सांगितलं, बाळाचा विषय काढू नकोस, ‘स्थलांतर’ एवढंच लिही. मला भीती होती की मूल म्हटलं की समितीला वाटेल, हिला अभ्यास झेपणार नाही. दुसऱ्या फेरीच्या पहिल्याच मुलाखतीत प्रश्न आला, २०१८ ते २०२१ तुम्ही काय करत होता? ती अडखळली. खरं सांगावं तर अर्जाशी जुळत नाही, अर्जाला धरून बोलावं तर खोटं वाटतं. तिथून नकार आला. तो त्यामुळेच आला असं म्हणता येणार नाही, पण त्या अडखळण्याला मी कारण झाले, यात शंका नाही. पुढच्या मुलाखतीत ती सरळ म्हणाली: मुलगा झाला, रात्री अभ्यास करून परीक्षा पास झाले, तो बालवाडीत जायला लागल्यावर क्लिनिकमध्ये बसायला लागले. समोरच्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

निकाल

२०२४ मध्ये आठ अर्ज. मूल्यांकनासह सगळं एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पूर्ण. तीन मुलाखती, त्यातल्या दोन ऑनलाइन. एक नकार, एक प्रतीक्षायादी, एक प्रवेश. प्रवेश मिळाला तो प्रत्यक्ष बोलावून बेंच टेस्ट घेणाऱ्या शाळेत. तिच्या यादीत ती सहाव्या क्रमांकावर होती.

मग पैशाचा प्रश्न आला. हा भाग लोक सांगत नाहीत. एच-४ वर सरकारी विद्यार्थी कर्ज मिळत नाही. बहुतेक खासगी कर्जांना नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक सहकर्जदार लागतो. नवऱ्याच्या मावसभावाने सही केली. सगळा खर्च धरून रक्कम काही लाख डॉलरच्या घरात जाते, आणि ती फिटेपर्यंत त्या भावाचं नाव कागदावर राहणार. होकार द्यायला मुदत थोडी होती. नवरा-बायकोने दोन रात्री हिशोब केले, एकदा ‘नको’ असंही ठरलं. शेवटी हो म्हणाले. २०२५ मध्ये तिची शाळा सुरू झाली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली फेरी तिने केलीच नसती तरी चाललं असतं. चौदा अर्जांच्या पैशात दोन टायपोडॉन्ट आणि वर्षभराचे दात आले असते. आयएनबीडीईचा निकाल लागला त्याच आठवड्यात निरीक्षणासाठी क्लिनिक शोधायला हवं होतं. खंड त्या दिवसापासून कमी व्हायला लागला असता.

शाळांची यादी एका दिवसात नीट झाली असती. प्रत्येक शाळेच्या पानावरच्या अटी स्वतः वाचायच्या, तारखेसकट वहीत लिहायच्या. तक्त्यावर विसंबायचं नाही, कारण अटी दर वर्षी बदलतात. कर्जाची चौकशीही अर्जाच्या आधी व्हायला हवी होती. सहकर्जदार मिळाला नसता तर प्रवेश हातात असून सोडावा लागला असता, आणि ही शक्यता आम्ही कुणीच बोलून दाखवली नव्हती.

माझ्यापुरतं म्हणाल तर, आता मी खंडाबद्दल एकच विचारते: मुलाखतीत हे कसं सांगशील? जे तोंडाने सांगता येतं तेच अर्जात लिहायला लावते.

गेल्या महिन्यात तिच्या कॉलेजच्या एका इंटर्नचा तिला फोन आला, अमेरिकेला यायचंय म्हणून. तिने तिला आधी पासपोर्ट आणि गुणपत्रिकेवरचं नाव शेजारी ठेवून बघायला सांगितलं. मग विचारलं, “तुला काम करताना रोज कोण बघतं? त्या मॅडमना आत्ताच भेटून ये.”